छातीतली कळ आणि ॲस्पिरिनची गोळी

एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात प्रथमोपचारावर बोलण्याचा योग आला होता. सर्पदंश, भाजणे, हाड मोडणे असे नेहमीचे विषय झाले. शेवटी आम्ही एक प्रश्न विचारला. "तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सरांच्या छातीत आत्ता दाबल्यासारखे दुखू लागले, दरदरून घाम फुटला आणि ते छातीवर हात धरून गप्प बसले, तर तुम्ही काय कराल?"

भराभर उत्तरे आली. सोडा पाजू. ओवा चावायला देऊ. जोरजोरात खोकायला सांगू, असे मोबाइलवर आले होते. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू. रक्त पातळ करणारी गोळी देऊ. या शेवटच्या उत्तराला बऱ्याच माना डोलल्या. "कोणती गोळी?" असे विचारल्यावर एका बाईंनी पर्समधून एक पाकीट काढून वर धरले. ती पॅरासिटामॉलची गोळी होती.

मागच्या रांगेतले एक सर तोवर काहीच बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, "आमच्या मुख्याध्यापकांना मधल्या सुट्टीत असेच झाले होते. ॲसिडिटी आहे म्हणाले. आम्ही त्यांना ऑफिसातच आडवे केले, पंखा लावला. दोन तास गेले. मग गाडी शोधली." पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

त्या दिवशीच्या पाच उत्तरांपैकी चार चुकीची होती आणि पाचवे अर्धे बरोबर होते. त्या अर्ध्या बरोबर उत्तराविषयी हा लेख आहे. ॲस्पिरिन ही गोळी हृदयविकाराच्या झटक्यात खरोखरच जीव वाचवू शकते. पण ती कोणाला, कशी आणि कशाच्या आधी की नंतर द्यायची हे कळण्यासाठी ती शरीरात नेमके काय करते ते समजून घ्यायला हवे.

रक्त पातळ होतच नाही

हृदय दिवसरात्र रक्त ढकलत असते, पण आपल्या कप्प्यांतले रक्त त्याच्या स्वतःच्या जाड स्नायूला पुरत नाही. त्या स्नायूसाठी हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या वेगळ्या रक्तवाहिन्या असतात. त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. वयाबरोबर या धमन्यांच्या भिंतीत चरबीयुक्त थर साचतो. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते, की नळात क्षार साचावा तसा हा थर वाढत वाढत एक दिवस धमनी पूर्ण बंद करतो आणि झटका येतो. पुष्कळदा तसे घडत नाही. थराने अर्धीही जागा अडवलेली नसताना त्याच्यावरचे पातळ आवरण अचानक फाटते. रक्ताच्या दृष्टीने ही जखमच असते, आणि जखम दिसली की बुजवायची हे रक्ताला पक्के ठाऊक असते.

बुजवण्याचे पहिले काम रक्तपट्टिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे. एका घनमिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. एकेकीची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. जखमेला चिकटताच पट्टिका आपला चपटा आकार सोडते, तिला काटेरी फाटे फुटतात आणि ती आजूबाजूच्या पट्टिकांना हाक मारते. ही हाक म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन नावाचे रसायन. ते ज्या पट्टिकेला लागेल तीही चिकट होते आणि आणखी थ्रॉम्बॉक्सेन सोडते. हा हा म्हणता गर्दी जमते, तिच्यावर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे पडते आणि गुठळी तयार होते. भाजी चिरताना बोट कापले तर हीच गुठळी आपल्याला वाचवते. तीच तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमनीच्या आत तयार झाली तर पलीकडच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद होतो. रक्ताशिवाय तो स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो आणि पुढचे काही तास मरतच राहतो.

ॲस्पिरिन नेमके या हाकेवर घाव घालते. थ्रॉम्बॉक्सेन तयार करण्यासाठी पट्टिकेत एक विकर असते. त्याला सायक्लोऑक्सिजनेज म्हणतात. कच्चा माल त्याच्यातल्या एका अरुंद बोगद्यातून आत शिरतो आणि पुढच्या क्रिया होतात. ॲस्पिरिनचा रेणू बोगद्याच्या तोंडाशी येतो, स्वतःतला ॲसिटिल गट तिथल्या भिंतीला कायमचा चिकटवतो आणि निघून जातो. कुलपाच्या भोकात आगकाडी घालून मोडली तर किल्ली जशी आत जात नाही, तसा कच्चा माल मग आत जाऊ शकत नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लॅन्डिन वर्गातल्या रसायनांची निर्मिती थांबवते हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएल्सन यांच्याबरोबर मिळाले.

इथे पट्टिकेची एक खासियत महत्त्वाची ठरते. तिला केंद्रक नसते. दुसरी एखादी पेशी विकर बिघडले तर नवे बनवते. पट्टिकेकडे त्यासाठीचा आराखडाच नाही. त्यामुळे एकदा काडी मोडली, की ती पट्टिका तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे सात ते दहा दिवसांत, पुन्हा थ्रॉम्बॉक्सेन बनवू शकत नाही. रक्तातले ॲस्पिरिन तर वीसेक मिनिटांत निम्मे होते, पण त्याचा परिणाम मात्र नव्या पट्टिका तयार होईपर्यंत टिकतो. रोज साधारण एक दशांश पट्टिका नव्याने येतात. म्हणूनच रोज ७५ मिलिग्रॅमसारखी छोटी मात्राही पुरते.

तेव्हा 'रक्त पातळ करणारी गोळी' हा शब्द खरे तर चुकीचा आहे. रक्त होते तेवढेच दाट राहते, फक्त पट्टिकांची एकमेकींना बोलावण्याची सोय तुटते. शब्दाबद्दल आम्ही इतका आग्रह धरतो त्याला कारण आहे. 'पातळ करणारी' म्हटले, की ती झालेली गुठळीही विरघळवेल असे वाटते. ॲस्पिरिन गुठळी विरघळवत नाही. ती फक्त गुठळीत येणारी नवी भर थांबवते. विरघळवण्याचे काम स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज यांसारखी इंजेक्शने करतात. नाहीतर अँजिओप्लास्टी करून, म्हणजे बारीक नळीच्या टोकावरचा फुगा फुगवून, धमनी उघडावी लागते. या दोन्ही गोष्टी रुग्णालयातच होतात.

डॉक्टर क्रेवन आणि मिथुन राशीचे लोक

ॲस्पिरिनचा हृदयाशी संबंध प्रथम लक्षात आला तो एका साध्या फॅमिली डॉक्टरच्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेल गावी लॉरेन्स क्रेवन नावाचे डॉक्टर टॉन्सिलच्या शस्त्रक्रिया करीत. घसा दुखू नये म्हणून रुग्णांना ॲस्पिरिन घातलेला चघळायचा गोंद दिला जाई. जे तो फार चघळत त्यांना जास्त रक्तस्राव होतो, हे क्रेवन यांनी हेरले. त्यावरून त्यांनी उलटा विचार केला: रक्त गोठणे लांबत असेल, तर हृदयातली गुठळीही टळेल. त्यांनी आपल्या मध्यमवयीन पुरुष रुग्णांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात तसे लेखही लिहिले. सुमारे ८,००० जणांना गोळी दिली, एकालाही झटका आला नाही, असा त्यांचा दावा होता. स्वतः क्रेवन १९५७ मध्ये हृदयविकारानेच गेले.

त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण पुरावा लंगडा होता. गोळी न घेतलेल्या तशाच माणसांचा गट तुलनेला नव्हता. वर्गात आपण 'नियंत्रित प्रयोग' शिकवतो, तिथे हे उदाहरण वापरायला हरकत नाही. शहाणा माणूस खरे उत्तर सांगत असतानाही तुलनेचा गट नसला, तर त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

तो गट मिळाला १९८८ मध्ये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १६ देशांतल्या ४१७ रुग्णालयांतून १७,१८७ रुग्ण घेऊन केलेली चाचणी त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव आयसिस-२. झटक्याची शंका असलेले, २४ तासांच्या आत आलेले रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. एका गटाला महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला शिरेतून एकदा स्ट्रेप्टोकायनेज, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्हींची नुसती दिखाऊ औषधे. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी किती दगावले? दर हजारी सांगायचे तर काहीच न मिळालेल्यांत १३२, नुसते ॲस्पिरिन मिळालेल्यांत १०७, नुसते स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत १०४ आणि दोन्ही मिळालेल्यांत ८०. काही पैशांच्या गोळीने हजारामागे पंचवीस माणसे वाचवली, म्हणजे जवळजवळ महागड्या इंजेक्शनाइतकीच. दोघांची बेरीजही झाली, कारण दोघांची कामे वेगळी होती. आणि भीती होती तसा मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका ॲस्पिरिनमुळे लक्षणीय वाढला नाही.

याच शोधनिबंधात एक गंमत आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला ती विशेष आवडेल. स्त्रिया, वृद्ध, मधुमेही अशा वेगवेगळ्या गटांत औषध किती चालते तेही दाखवावे असा आग्रह होता. आकडे असे बारीक बारीक चिरत गेले की निव्वळ योगायोगाने कुठेतरी भलतेच काही दिसणार, हे संशोधकांना माहीत होते. म्हणून त्यांनी रुग्णांच्या जन्मतारखांवरून पाश्चात्त्य पद्धतीने राशी काढल्या आणि तोही तक्ता मांडला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसत होता. बाकी दहा राशींना उत्तम फायदा! त्यांनी ही थट्टा गंभीर चेहऱ्याने छापली आणि वाचकाला सावध केले. टक्केवारी शिकवताना हा तक्ता सांगावा. मिथुन राशीची मुले लगेच कान टवकारतात.

गिळायची नाही, चावायची

आता एक छोटा प्रयोग. दोन पेल्यांत सारखे पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा टाका, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर. कोणती आधी विरघळेल हे चौथीतले मूलही सांगेल. पृष्ठभाग वाढला की विरघळण्याचा वेग वाढतो. गोळीचेही तसेच आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत फेल्डमन आणि क्रायर यांनी १२ निरोगी व्यक्तींना ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन वेगवेगळ्या प्रकारे देऊन रक्तातले थ्रॉम्बॉक्सेन मोजले. ते निम्म्यावर यायला, गोळी अख्खी गिळली तेव्हा सुमारे १२ मिनिटे लागली आणि चावून खाल्ली तेव्हा सुमारे ५.

आपल्याकडे चावण्याला आणखी एक कारण आहे. रोज घ्यायच्या ७५ किंवा १५० मिलिग्रॅमच्या पुष्कळशा गोळ्यांवर एक विशेष लेप असतो. तो जठरातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळतो. पोट सांभाळण्यासाठी ही सोय आहे. पण तातडीच्या वेळी अशी गोळी अख्खी गिळली तर औषध रक्तात यायला काही तास लागू शकतात. दातांनी लेप फोडला की अडचण संपते. झटक्याच्या शंकेत एकूण मात्रा साधारण ३०० मिलिग्रॅम धरतात: ३०० ते ३५० ची एक, १५० च्या दोन किंवा ७५ च्या चार. पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर ती थोड्या पाण्यात घालून प्यायली तरी चालते. चव आंबट-कडू असते. त्याहून जास्त देऊन जास्त फायदा होत नाही. विकराची सगळी कुलुपे एकदा अडली, की उरलेल्या काड्यांना कामच उरत नाही. उरते ते फक्त पोटाचे नुकसान.

दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी इथे चालत नाही. पॅरासिटामॉल पट्टिकांच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. आयब्युप्रोफेन तर उलटा घोळ करते. तेही त्याच बोगद्यात शिरते, पण काडी मोडत नाही, चुकीची किल्ली अडकून बसावी तसे काही तास बसून राहते. तेवढ्या वेळात ॲस्पिरिन आले तर त्याला आत जागा मिळत नाही आणि ते रक्तातून निघून जाते. नंतर आयब्युप्रोफेनही निघून जाते, आणि कुलूप होते तसे मोकळे. म्हणून पाकिटावरचे मोठ्या अक्षरातले व्यापारी नाव वाचून थांबू नये. खाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव असते. तिथे 'ॲस्पिरिन' किंवा 'ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड' असेच लिहिलेले हवे.

आधी फोन

आता त्या अर्ध्या बरोबर उत्तराच्या उरलेल्या अर्ध्याकडे येऊ.

आयसिस-२ च्या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रुग्ण पहिल्या चार तासांत आलेला असो की तेरा ते चोवीस तासांनी, ॲस्पिरिनचा फायदा साधारण सारखाच होता. स्ट्रेप्टोकायनेजचे तसे नव्हते. जितका उशीर, तितका त्याचा फायदा कमी. याचा व्यवहारातला अर्थ आमच्या मते सरळ आहे. गोळी पाच-दहा मिनिटे उशिरा मिळाली तर फारसे बिघडत नाही. धमनी उघडायला उशीर झाला तर मात्र बिघडते. म्हणून गोळी शोधायला मुलाला बाजारात पिटाळून त्याची वाट पाहत बसणे हा वेळेचा उलटा हिशेब झाला. आधी फोन. महाराष्ट्रात आणि गोव्यातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दुर्गम गावात रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल, तर जी गाडी आधी मिळेल ती घ्यावी, पण रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये आणि जिनाही चढू देऊ नये. त्याला भिंतीला टेकून अर्धवट बसवावे. गोळी हाताशी असेल तर ती या सगळ्याच्या मधल्या वेळात द्यावी आणि किती वाजता, किती मिलिग्रॅम दिली ते कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून रुग्णाबरोबर द्यावे. रुग्णालयात हे विचारतातच. रुग्ण आधीपासून रोज ॲस्पिरिन घेत असेल, तर तेही फोनवर सांगावे आणि ते सांगतील तसे करावे.

आम्हाला या गोळीचा सगळ्यात मोठा धोका रक्तस्रावाचा वाटत नाही, खोट्या निश्चिंतीचा वाटतो. गोळी खाल्ली, थोडे बरे वाटले, घाम थांबला, 'आता उद्या दाखवू' असे म्हटले, आणि धमनी बंदच राहिली. झटक्यातले दुखणे मध्येच कमी होऊ शकते. त्यामुळे बरे वाटले तरी ईसीजी काढल्याशिवाय घरी जायचे नाही. 'गॅस' आणि झटका यांत फरक करणे कित्येकदा डॉक्टरांनाही नुसते पाहून जमत नाही, मग आपण स्टाफरूममध्ये तो कसा करणार? छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, घाम, धाप, मळमळ ही ओळखीची लक्षणे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी छाती फारशी दुखतच नाही, नुसती धाप आणि गळून गेल्यासारखे वाटते.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दलही दोन शब्द. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, पट्टिकांशी तिचा संबंध नाही. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे त्याने ती घ्यावी. दुसऱ्याच्या खिशातली घेऊ नये. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती तो आणखी खाली नेते. खोकत राहण्याचा सल्ला तर विसरूनच जावा. माणूस बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला, तर तोंडात काहीही घालू नये. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे.

कोणाला नाही

जी क्रिया धमनीतली गुठळी रोखते तीच जखमेवरची गुठळीही रोखते. औषधाला ही धमनी आणि ती जखम असा फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा.

पहिला प्रश्न ॲलर्जीचा. ॲस्पिरिन किंवा दुसऱ्या वेदनाशामक गोळीने पूर्वी अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा दम लागला असेल, तर देऊ नये. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिनने जोराचा झटका येतो. दुसरा प्रश्न रक्ताचा. नुकतीच रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौचास, मोठी शस्त्रक्रिया, मेंदूतला रक्तस्राव यांपैकी काही झाले आहे का? जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी रसायनेही त्याच विकराकडून बनतात, म्हणून ही गोळी जुन्या अल्सरला पुन्हा तोंड फोडू शकते. उत्तर 'हो' असेल किंवा खात्री नसेल, तर गोळी न देता फोनवर तसे सांगावे. तिथे निर्णय आपला राहत नाही, आणि ते बरेच आहे.

पक्षाघाताबाबत फार गल्लत होते. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडे बोलणे ही लक्षणे मेंदूतल्या गुठळीनेही येतात आणि मेंदूत रक्तवाहिनी फुटल्यानेही. बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. पहिल्यात ॲस्पिरिन उपयोगी, दुसऱ्यात घातक. सीटी स्कॅनशिवाय निवाडा होत नाही. तेव्हा पक्षाघाताच्या शंकेत आपण घरी किंवा शाळेत ॲस्पिरिन द्यायचे नाही, फक्त लवकर पोचवायचे. तसेच छातीपासून पाठीत चिरत गेल्यासारखी एकदम असह्य कळ आली, तर महाधमनीची भिंत फाटली असण्याची शक्यता असते. तिथेही गोळीचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

शाळेत सर्वांत महत्त्वाचे हे की ही गोळी मुलांसाठी नाही. विषाणूच्या तापात ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना क्वचित रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होतो. ब्रिटनमध्ये २००२ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये असेच सांगतात. आपल्याकडे त्यात डेंग्यूची भर. डेंग्यूत पट्टिकांची संख्या मुळातच घसरते. उरलेल्या पट्टिकांच्या कुलपांत काड्या मोडून ठेवल्या तर रक्तस्राव थांबवायला कोण उरणार? पावसाळ्यात आणि त्यानंतर अंग दुखून ताप आला की लहान असो वा मोठा, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन दोन्ही दूर ठेवावीत. तापाला पॅरासिटामॉल. म्हणजे त्या बाईंची पर्समधली गोळी अगदीच वाया जात नाही.

रोजची गोळी

वर्गानंतर चहाच्या वेळी एकाने विचारले, "मग इतकी गुणी गोळी आहे, तर पन्नाशीनंतर आपण रोजच का घेऊ नये?" क्रेवन यांचाच प्रश्न! त्याचे उत्तर २०१८ मध्ये बरेचसे मिळाले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांच्या ॲस्प्री या चाचणीत रोजच्या १०० मिलिग्रॅमने झटके लक्षणीय कमी झाले नाहीत. मोठे रक्तस्राव मात्र शंभरी २.८ वरून ३.८ वर गेले. मधुमेह असलेल्या १५,४८० जणांच्या चाचणीत झटके आणि पक्षाघात थोडे कमी झाले, पण रक्तस्राव जवळपास तेवढेच वाढले. ज्याला आजवर हृदयविकार झालेला नाही त्याने आपल्या मनाने रोज गोळी सुरू करू नये, असेच आता सांगतात. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्याचा हिशेब निराळा. त्याने ती आपल्या मनाने बंद करू नये. दात काढायचा आहे म्हणून परस्पर चार दिवस गोळी सोडणारे पुष्कळ भेटतात. नव्या स्टेंटमध्ये यामुळे गुठळी होऊ शकते. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांना विचारल्याशिवाय हा खेळ करू नये.

शाळेच्या पेटीतली गोळी

मोठ्यांसाठी म्हणून ॲस्पिरिनचे एक पाकीट शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ठेवायचे असेल, तर वेगळ्या डबीत, 'मुलांना देऊ नये' असे ठळक लिहून आणि पेटीला कुलूप घालून ठेवावे. ठेवल्यानंतर विसरून जाता येत नाही, कारण ॲस्पिरिनला दमट हवा सोसत नाही. हा रेणू सॅलिसिलिक आम्लावर ॲसिटिल गट जोडून बनवलेला आहे. जर्मनीत बायर कंपनीत १८९७ मध्ये ही जोडणी शुद्ध स्वरूपात झाली. पाणी मिळाले की ती पुन्हा सुटते आणि सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल वेगळे होतात. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगारमधले आम्ल. कोकणात पावसाळाभर उघड्या राहिलेल्या गोळीला व्हिनेगारचा वास येतो तो यामुळे. त्या गोळीतला काडी मोडणारा गटच गळून गेलेला असतो.

प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडचे द्रावण असेल तर हे मुलांना दाखवता येते. एका परीक्षानळीत ताज्या गोळीची पूड, दुसरीत जुन्या ओलसर गोळीची पूड घ्या. थोडे थंड पाणी घालून हलवा, गाळा आणि फेरिक क्लोराइडचे दोन-तीन थेंब टाका. सुटे सॅलिसिलिक आम्ल जांभळा रंग देते. ताज्या गोळीच्या नळीत रंग अगदी फिका येईल किंवा येणारच नाही. जुनीचा गडद जांभळा होईल. नळ्या लगेच पाहाव्यात. ताज्या गोळीची नळी रात्रभर ठेवली तर सकाळी तीही जांभळी झालेली असते.